एका नळीची किंमत

चेन्नईच्या एग्मोर स्थानकाबाहेर शहाळे पिणारा प्रवासी पाणी संपताच हातातील नळी फेकून देतो, इतकी ती वस्तू क्षुल्लक. परंतु जवळजवळ त्याच आकाराची नळी आज पदार्थविज्ञानातील काही नाजूक प्रयोगांचा आधार झाली आहे; आणि तशी नळी मिळविणे हे शास्त्रज्ञांपुढील मोठे काम होऊन बसले आहे.

या नळीची भिंत प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची असून तिला आतून धातूचा लेप असतो. मधोमध केसाहून बारीक तार ताणलेली असते व पोकळीत वायू भरलेला असतो. तार व लेप यांमध्ये दीड-दोन हजार व्होल्टांचा विद्युत्दाब ठेवतात. विद्युत्भारित कण आरपार गेला, की वायूच्या अणूंतून सुटलेले इलेक्ट्रॉन तारेकडे धावतात आणि तारेत स्पंद उमटतो. तो किती विलंबाने उमटला, यावरून कण तारेपासून किती अंतरावरून गेला ते कळते.

नळी, तार आणि वायू हे त्रिकूट भारतास नवे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1980 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर, जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने असेच यंत्र उभारले. त्या नळ्या लोखंडी होत्या आणि यंत्राचे वजन सुमारे 140 टन होते. प्रोटॉनचा ऱ्हास होतो काय, हे पाहावयाचे असल्याने तेथे जितका पदार्थ अधिक तितके बरे होते.

आता गरज नेमकी उलट आहे. जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एनए-62 हा प्रयोग हजार कोटींत एखाद्या वेळी घडणारा केऑन कणाचा ऱ्हास शोधतो. तेथे जाड भिंत कणाचा मार्ग वाकवील आणि मोजमाप फसेल. म्हणून 7168 नळ्या निर्वात पोकळीत बसविल्या आहेत. प्रत्येक नळी 2.1 मीटर लांब व जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाची असून तिची भिंत अवघी 36 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी 36 भाग जाड आहे. आत तांब्याचा व त्यावर सोन्याचा लेप आहे.

खरी अडचण येते ती खरेदीत. बटाट्याच्या वेफर्सची चकाकती पिशवीही धातूचा लेप दिलेल्या प्लास्टिकचीच असते. पण असा माल कारखाने टनांनी काढतात. या सर्व नळ्यांच्या प्लास्टिकचे वजन मात्र, हिशेब केल्यास, सुमारे 23 किलोच भरते. इतक्या लहान गिऱ्हाइकासाठी यंत्रे कोण थांबवील? शिवाय लेप सुटता कामा नये आणि नळी गळता कामा नये. 1888 साली अमेरिकेत कागदी नळीचे एकस्व घेतले गेले, ती पट्टी गुंडाळून केलेली होती. प्रयोगांतील कित्येक नळ्या अशाच गुंडाळून चिकटवितात. एनए-62 साठी मात्र रशियातील दुबना येथे पट्टीच्या कडा श्राव्यातीत ध्वनीने सांधण्यात आल्या.

2024 साली त्या प्रयोगाने तो दुर्मीळ ऱ्हास निःसंशय आढळल्याचे जाहीर केले. त्या निष्कर्षामागे सिद्धान्त होता, गणित होते; आणि न गळणारी, न सुटणारी, सात हजारांवर नळ्यांची शिवणही होती.