विसरणारा माणूस आणि घरचा विश्वास

पुष्कळ घरांत एखादा माणूस असा असतो की, त्याच्याविषयी सगळे एकच बोलतात : "मनाने चांगला हो, पण त्याच्यावर काही सोपवू नका." सोसायटीचा हप्ता भरायला म्हणून तालुक्याला जातो आणि दुसरेच काम करून परत येतो. विहिरीवरची मोटार बंद करायला निघतो आणि वाटेत गप्पा मारत उभा राहतो. अशा माणसाला आपण आळशी म्हणतो, बेफिकीर म्हणतो. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु काहींच्या बाबतीत त्यामागे मेंदूच्या घडणीतला एक वेगळेपणा असतो. वैद्यकात त्याला ए.डी.एच.डी. असे नाव आहे. अवधानाची उणीव आणि अतिचंचलता, असा त्याचा अर्थ.

ही काही आजकालची टूम नव्हे. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली लंडनमध्ये अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती. पुढे कितीतरी वर्षे समज असा होता की, हा मुलांचा विकार आहे आणि वयाबरोबर तो जातो. आता कळून चुकले आहे की, अनेकांच्या बाबतीत तो मोठेपणीही राहतो. धावपळ कमी होते; पण विसरणे, हातचे काम अर्धवट टाकणे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे, चटकन भडकणे हे राहते. मात्र याची चिन्हे लहानपणापासून, बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात. चाळिशीत एकाएकी विसर पडू लागला तर त्याचे कारण वेगळे असू शकते. ते डॉक्टरांनीच पाहावे.

आता यात विश्वास कसा मोडतो ते पाहू. समजा, नवऱ्याने शब्द दिला की, मंगळवारी पीकविम्याचे कागद भरतो. शब्द देताना तो खरेच बोलत असतो. पण अशा माणसाच्या मनात काळाचे दोनच कप्पे असतात, 'आत्ता' आणि 'मग'. मंगळवार 'मग'च्या कप्प्यात पडतो आणि मुदत टळून जाते. बायकोला वाटते, याला घराची किंमत नाही. तो ओशाळतो आणि सबब सांगतो. पुढच्या खेपेला बोलणी टळावीत म्हणून 'भरले' असे खोटेच सांगून मोकळा होतो. ते उघडकीस आले की घाव खोल जातो. विसरणे माणूस माफ करतो हो, खोटे बोलणे माफ करणे जड जाते. मग सगळी कामे बायको आपल्याकडे घेते, दहादा आठवण करते, दहादा तपासते. हळूहळू ती आईसारखी होते आणि तो रागावलेल्या पोरासारखा. नवरा-बायकोचे नाते मागे पडते.

हे सावरायचे कसे? पहिली गोष्ट म्हणजे कारण आणि सबब यांतला फरक ओळखणे. "माझा मेंदूच असा, मी काय करू?" ही सबब झाली. "माझा मेंदू असा आहे, म्हणून मी ही व्यवस्था केली आहे," हे कारण झाले.

दुसरी गोष्ट, शब्द कमी द्यावेत. कोणी काही मागितले की ताबडतोब 'हो' म्हणू नये. "बघून संध्याकाळी सांगतो," म्हणावे आणि संध्याकाळी खरोखर सांगावे. आठवड्याला दोनच कामे घ्यावीत, पण ती पुरी करावीत. थेंबे थेंबे तळे साचे, ते इथेही खरे आहे.

तिसरी गोष्ट, डोक्यावर भिस्त ठेवू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहावे, मोबाइलचा गजर लावावा. काम ठरलेल्या सवयीला बांधावे : डेअरीत दूध घातले की तसेच बँकेत जायचे.

चौथी गोष्ट, चूक झालीच तर लपवू नये; विचारण्याआधी आपणच सांगावे. नुसते 'चुकलो' म्हणून भागत नाही. काय राहिले, त्याने समोरच्याचे काय नुकसान झाले आणि पुढे काय बदलणार, हे तिन्ही सांगावे.

घरच्या माणसांनाही दोन शब्द. विसरणे म्हणजे माया नसणे, असे धरून चालू नका. मात्र तुमचा राग खोटा नाही. विश्वास लगेच बसला नाही तर त्यात तुमचा दोष नाही. दिवसभर टोचण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या रात्री म्हणा, पाव तास बसून कामे वाटून घ्यावीत. पैशाचे व्यवहार काही काळ दोघांच्या डोळ्यांसमोर व्हावेत. ही शिक्षा नव्हे, आधार आहे.

गुरुजी आणि बाईंनाही एक विनंती. मोठेपणी जो शब्द पाळू शकत नाही, तो एके काळी तुमच्या वर्गातला, वही विसरणारा मुलगा होता. मुली तर पुष्कळदा दंगा न करता नुसत्या हरवल्यासारख्या बसतात आणि नजरेतून सुटतात. 'आळशी' हा शिक्का मारण्यापूर्वी पालकांशी बोलावे. वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेले मूल सबबी सांगायला तिथेच शिकते.

यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ तपासून निदान करतात. गरज पडल्यास औषध देतात. ते चिठ्ठीवाचून घ्यायचे नसते. सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. औषधाने लक्ष टिकायला मदत होते; पण गेलेला विश्वास औषधाने परत येत नाही. तो मंगळवारचे काम मंगळवारी झाल्याने येतो, आणि असे बरेच मंगळवार जावे लागतात. तेवढा धीर दोन्ही बाजूंनी धरावा, एवढेच सांगणे.