धम्म आणि मतदान : भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीचा बोध

निवडणूक जवळ आली की उपासक-उपासिकांसमोर एक प्रश्न उभा राहतो : मत देताना धम्माचे स्थान कोणते? काहींच्या मते धम्म विहारात आणि राजकारण विहाराबाहेर. काहींच्या मते धम्मबंधू उभा असला म्हणजे अधिक विचाराचे कारण नाही. आम्हास ही दोन्ही मते अपुरी वाटतात. त्यासाठी भंडारा जिल्ह्यातील एका घटनेचे स्मरण आवश्यक आहे.

मे १९५४ मध्ये, भंडारा मध्य प्रदेशात असताना, येथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्यीय होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदारास दोन मते. राखीव जागेसाठी परमपूज्य बाबासाहेब उभे होते. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. राखीव जागा हुकली, तरी एकूण मते अधिक पडल्यास अनुसूचित जातीचा उमेदवार सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकत असे. म्हणून आपल्या मतदारांनी पहिले मत बाबासाहेबांना द्यावे व दुसरे कुजवावे, असे काही कार्यकर्त्यांनी सुचविले. बाबासाहेबांनी ते नाकारले. घटना घडविणाऱ्याने मते कुजविण्यास सांगावे, यापेक्षा त्यांना पराभव पत्करणे योग्य वाटले, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. १९५२ साली मुंबईत मते कुजविण्याचा प्रचार झाला, म्हणून त्यांनी व मेहतांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला होता. जे स्वतःविरुद्ध अन्याय, ते स्वतःच्या लाभासाठी न्याय कसे ठरावे?

निकालात मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले.

धम्मदीक्षेस तेव्हा सुमारे अडीच वर्षांचा अवधी होता. परंतु ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण भगवान बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली, असे स्पष्ट केले. त्यांचे राजकारण आणि त्यांचा धम्म यांचा उगम एकच होता.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी चार अगती सांगितल्या आहेत : छंद, दोस, मोह आणि भय. मतदाराने हीच कसोटी स्वतःस लावावी. नातेवाईक वा जातभाई म्हणून दिलेले मत छंदाचे. केवळ कोणाला पाडण्यासाठी दिलेले मत द्वेषाचे. पैशाने, दारूने वा घोषणेने फिरलेले मत मोहाचे. गावच्या बलवंताच्या धाकाने दिलेले मत भयाचे. धम्म उमेदवाराचे नाव सांगत नाही. मत देणारे चित्त कसे असावे, हे सांगतो.

शील सांभाळून सत्ता कशी मिळणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. भंडाऱ्यात बाबासाहेबांनी त्याची किंमत मोजली. परंतु शोषितांजवळ धन नाही, शस्त्र नाही. आहे ते एक मत आणि त्यामागील शब्द. तो शब्द खोटा ठरला, तर उद्या आपल्यावरील अन्यायाविरुद्ध आपण कोणत्या तोंडाने बोलणार? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती अधोगतीकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. तो इशारा आपल्या नेत्यांच्या बाबतीतही लागू आहे. त्यांच्या प्रतिमेस वंदन करून मत विकणे, ही त्यांची भक्तीही नव्हे आणि धम्माचे आचरणही नव्हे.