हिमालयातील आपत्ती व मानवी प्रभाव

हिमालयातील हिमनद्यांचा ऱ्हास आणि तेथील पूर, भूमिपात यांसारख्या आपत्ती मानवी व्यवहारांमुळे कितपत घडून येतात, यासंबंधी भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाललेला वाद. या वादात दोन प्रश्न गुंतलेले असून त्यांची नेहमी गल्लत होते. वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड व तत्सम वायूंच्या वाढीमुळे झालेल्या तापमानवाढीचा हिमालयावर काय परिणाम झाला, हा पहिला. आणि धरणे, बोगदे, रस्ते व नदीपात्रातील बांधकामे यांमुळे आपत्तीची हानी किती वाढली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जगभरच्या इंधनवापरात शोधावे लागते, तर दुसऱ्याचे राज्याच्या व जिल्ह्याच्या निर्णयांत. त्यामुळे एखाद्या दुर्घटनेचे सर्व खापर हवामान बदलावर फोडणे, हा पुष्कळदा स्थानिक जबाबदारी टाळण्याचा सोयीस्कर मार्ग ठरतो.

हिमनद्यांविषयीचा वाद : हवामान बदलासंबंधीच्या आंतरशासकीय मंडळाच्या २००७ मधील चौथ्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याहूनही आधी नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असे विधान करण्यात आले होते. त्यातच हिमनद्यांचे क्षेत्र ५ लाख चौ. किमी. वरून १ लाख चौ. किमी. वर येईल, असेही म्हटले होते. वस्तुतः हिमालयातील हिमनद्यांचे एकूण क्षेत्र सु. ३३ हजार चौ. किमी. एवढेच मानले जाते. तेव्हा हे आकडे हिमालयाचे असू शकत नाहीत, हे साध्या तुलनेनेही लक्षात यावयास हवे होते. विधानाचा माग काढता ते एका निसर्गसंरक्षक संस्थेच्या २००५ मधील अहवालातून व त्यामागे १९९९ मधील एका विज्ञान-साप्ताहिकातील वृत्तातून आल्याचे आढळले. रशियन हिमनदीतज्ञ कोत्ल्याकोव्ह यांच्या १९९६ मधील लेखनात क्षेत्राचे हेच आकडे ध्रुवप्रदेशाबाहेरील जगातील सर्व हिमनद्यांसाठी दिलेले असून तेथील साल २३५० असे आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये भारत सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील निवृत्त अधिकारी वि. कु. रैना यांचा एक चर्चालेख प्रसिद्ध केला. हिमालयातील हिमनद्यांची माघार असाधारण म्हणता येईल एवढी नाही आणि तिचा तापमानवाढीशी असलेला संबंध सिद्ध झालेला नाही, असे त्यात प्रतिपादन केले होते. तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांनी तो पुरस्कारिला, तर मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची जादूटोण्याचे शास्त्र म्हणून संभावना केली. दोनच महिन्यांनी, २० जानेवारी २०१० रोजी, मंडळाने २०३५ संबंधीचे विधान पुरेशा पुराव्याअभावी केले गेल्याचे मान्य करून खेद व्यक्त केला. कोपनहेगन येथील परिषद नुकतीच आटोपली असल्याने या प्रकरणाचा बराच गाजावाजा झाला आणि एका चुकीच्या सालावरून तापमानवाढीचा सिद्धांतच कोसळला, असे अनेकांनी मानले. तसे मानण्यास आधार नव्हता. कारण मंडळाचे मूळ निष्कर्ष त्या परिच्छेदावर अवलंबून नव्हते.

रैना यांच्या प्रतिपादनातील खरी मेख मापनाच्या पद्धतीत होती. भारतात हिमनदीचे निरीक्षण म्हणजे प्रामुख्याने तिच्या मुखाचे निरीक्षण, अशी परंपरा आहे. सु. ३० किमी. लांबीच्या गंगोत्री हिमनदीच्या मुखाची (गोमुखाची) मोजणी १९३५ मध्ये ऑडेन यांनी केली व पुढे ती चालू राहिली. तथापि मुखाची माघार हा तापमानाचा तात्कालिक निर्देशक नव्हे. मोठी हिमनदी हवामानातील फरकाला काही दशकांनंतर प्रतिसाद देते. शिवाय तिच्या खालच्या भागावर दगडगोट्यांचा जाड थर असल्यास त्याखालचे बर्फ सावकाश वितळते. अशा वेळी मुख जागच्या जागी राहूनही हिमनदी वरून पातळ होत जाते. म्हणून तिच्या वस्तुमानाचा ताळेबंद, म्हणजे वर्षभरात साचलेले हिम व वितळलेले बर्फ यांतील फरक, पाहणे आवश्यक असते. भारतीय हिमालयात ९,५७५ हिमनद्यांची नोंद झालेली असली, तरी असा ताळेबंद प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजल्या गेलेल्या हिमनद्या अगदी थोड्या आहेत.

ही उणीव उपग्रहांनी बरीच भरून काढली. अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांची जुनी छायाचित्रे खुली झाल्यावर त्यांवरून सु. ६५० हिमनद्यांची उंची काढण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार २०००–१६ या काळातील बर्फहानीचा वार्षिक वेग १९७५–२००० या काळातील वेगाच्या सु. दुप्पट होता. हानी सर्व पर्वतरांगेत सारखीच दिसून आल्याने तिचे मुख्य कारण तापमानवाढ हेच असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. बर्फावर बसणाऱ्या काजळीचाही त्यात वाटा असावा. काराकोरममधील हिमनद्या मात्र दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहिल्या व त्याची कारणमीमांसा अद्याप चालू आहे. काठमांडू येथील पर्वतविकासविषयक आंतरराष्ट्रीय केंद्राच्या २०१९ मधील अहवालाप्रमाणे जागतिक तापमानवाढ १·५° से. वर थोपविली, तरी हिंदुकुश-हिमालयातील सु. एक-तृतीयांश बर्फ या शतकाच्या अखेरीस नष्ट होईल. २०३५ चे भाकीत चुकीचे होते. दिशा चुकीची नव्हती.

केदारनाथ, २०१३ : त्या वर्षी मोसमी पाऊस १६ जून रोजीच, म्हणजे नेहमीपेक्षा सु. एक महिना आधी, संपूर्ण देशभर पोहोचला. उत्तराखंडातील अतिवृष्टी व वितळणारे हिम यांमुळे केदारनाथच्या वरच्या बाजूचे चोराबाडी सरोवर भरून १७ जूनच्या सकाळी त्याचा हिमोढाचा बांध फुटला. राज्यात चार हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले; ऐन यात्रेचा काळ असल्याने त्यांत महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील यात्रेकरू होते. अशा वृष्टीची संभाव्यता मानवनिर्मित वायूंमुळे वाढली असल्याचा पुरावा २०१४ मधील एका अभ्यासात देण्यात आला. येथे ‘संभाव्यता वाढली’ या शब्दांना महत्त्व आहे; विशिष्ट दिवसाचा पाऊस कोणी पाडला, असा प्रश्न विज्ञान विचारीत नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली तज्ञमंडळ नेमले गेले. पाहणीसाठी असलेल्या २४ जलविद्युत् प्रकल्पांपैकी २३ प्रकल्पांनी अपरिवर्तनीय हानी होईल, असे मंडळाने एप्रिल २०१४ मध्ये कळविले. केंद्रीय जल व विद्युत् यंत्रणांच्या प्रतिनिधींनी भिन्न मत नोंदविले. टेहरी धरणाने पूर अडविल्यामुळेच ऋषिकेश व हरद्वार वाचले, हा प्रकल्पसमर्थकांचा युक्तिवाद होता. याउलट श्रीनगर (गढवाल) येथे धरणाच्या खोदकामातील राडारोडा पुराबरोबर वाहून येऊन घराघरांत साचला होता. त्याबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ‘दैवी कृत्य’ हा कंपनीचा बचाव अमान्य केला व रहिवाशांना भरपाई देण्याचा आदेश दिला. आपत्तीतील मानवी वाटा इतक्या स्पष्टपणे निश्चित झाल्याची उदाहरणे विरळाच आहेत.

चमोली व सिक्कीम : ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेच्या खोऱ्यात आलेल्या लोंढ्यात २०० हून अधिक लोक मरण पावले किंवा बेपत्ता झाले. त्यांत जलविद्युत् प्रकल्पांवरील कामगार बहुसंख्य होते. ‘हिमनदी फुटली’ असे प्रारंभी सांगितले गेले. नंतरच्या अभ्यासात रोंती शिखराचा सु. २·७ कोटी घ. मी. खडक व बर्फ यांचा कडा कोसळल्याचे दिसून आले. त्यातील सु. चार-पंचमांश भाग खडकाचा होता. हा एक कडा तापमानवाढीमुळेच कोसळला, असे अभ्यासकांनी म्हटले नाही. मात्र उंचावरील गोठलेल्या खडकांची पकड तापमानवाढीने सैल होते, हे त्यांनी नमूद केले. प्रकल्प अशा दरीत कोणी व का बांधले, हा प्रश्न चिपको आंदोलनाच्या (१९७४) रैणी गावातील रहिवासी व इतरांनी उच्च न्यायालयात नेला. जुलै २०२१ मध्ये त्यांची याचिका फेटाळली जाऊन त्यांना प्रत्येकी १०,००० रु. दंड झाला.

सिक्कीममध्ये दोन्ही कारणे एकत्र दिसतात. हिमनदी मागे हटत गेल्याने दक्षिण ल्होनाक सरोवर काही दशकांत अनेक पटींनी विस्तारले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या काठचा गोठलेला हिमोढ सरोवरात कोसळून बांध फुटला आणि सु. ६० किमी. खाली चुंगथांग येथील १,२०० मेगॅवॉट क्षमतेच्या प्रकल्पाचे धरण वाहून गेले. धरणात साठलेले पाणी या पुरात मिसळून खालच्या तिस्ता खोऱ्यातील हानी वाढली. या सरोवराच्या धोक्याविषयी वैज्ञानिकांनी आधीच इशारे दिले होते.

जोशीमठ हे शहर जुन्या भूमिपाताच्या ढिगाऱ्यावर वसलेले असून तेथे अवजड बांधकामे करू नयेत व उतारावरील मोठे दगड काढू नयेत, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेकडो घरांना तडे गेले. जवळच्या जलविद्युत् प्रकल्पाच्या बोगद्याकडे रहिवाशांनी बोट दाखविले व प्रकल्पाच्या चालकांनी तो संबंध नाकारला. शहराच्या सांडपाण्याचा निचरा उतारातच मुरत होता, याविषयी मात्र दुमत नव्हते.