हार्ड डिस्क दिसत नाहीये? आधी 'फॉरमॅट'वरचं बोट काढा

महिन्याच्या १० तारखेच्या आसपास दुकानदारांचा एक फोन हमखास येतो. "सर, हार्ड डिस्क लावली, पण काँप्युटरला दिसतच नाही. टॅलीचा सगळा बॅकअप त्यात आहे." ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा असतो, त्यामुळे घाई असते, आणि घाईत माणूस स्क्रीनवर जे बटण येईल ते दाबतो. खरं नुकसान बऱ्याचदा तिथेच होतं.

म्हणून आधी काँप्युटर सोडा आणि डिस्कवर कान ठेवा. आत काही फिरतंय का? दिवा लागतोय का? छोटी पोर्टेबल डिस्क वीज यूएसबीमधूनच घेते. यूएसबी २.० पोर्टच्या नियमात ५०० मिलिअँपिअर, तर ३.० मध्ये ९००. हबवर एकाच वेळी प्रिंटर, स्कॅनर आणि डिस्क लावली तर ती बिचारी फिरणार कशी? हब काढा, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावा. मग केबल बदला. टाइप-सी असेल तर मोबाइलबरोबर आलेली कुठलीही केबल चालेल असं समजू नका, काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा अॅडॉप्टर लागतो, तो तपासा. शेजारच्या दुकानातल्या काँप्युटरवर एकदा लावून बघितली की दोष कुठल्या बाजूला आहे ते बरंचसं कळतं.

डिस्क फिरतेय, पण 'धिस पीसी'मध्ये नाही? स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे 'हेल्दी' लिहिलंय आणि फक्त अक्षर नाही, तर तुम्ही सुटलात. काउंटरवरच्या काँप्युटरवर सर्व्हरचं फोल्डर ई किंवा एफ नावाने जोडलेलं असतं आणि डिस्कलाही तेच अक्षर मिळतं, असा घोळ होतो. त्या भागावर राइट क्लिक करून दुसरं अक्षर द्या. डेटाला धक्का लागत नाही.

पण 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' असं विचारलं, तर कॅन्सल. प्रत्येक वेळी कॅन्सल! विंडोजला आतलं वाचता येत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. तुमचा डेटा गेला, असं ते सांगत नाहीये. क्विक फॉरमॅटने जुन्या फाइल लगेच पुसल्या जात नाहीत, पण कुठली फाइल कुठे आहे ती यादी नवी होते आणि त्यावर काही कॉपी केलंत की जुनं खरोखर जातं. 'चेकडिस्क चालवा' हा सल्लाही सर्रास मिळतो. ते दुरुस्ती करताना त्याच डिस्कवर लिहितं. एकमेव कॉपी असेल तर मी चालवणार नाही.

टक-टक आवाज येत असेल तर ताबडतोब काढा. परत परत लावून बघू नका, आतली तबकडी घासली जाऊ शकते. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय तर अजिबात नको, आत दमट होतं. अशी डिस्क धूळमुक्त जागेतच उघडायची असते. देण्याआधी दोन प्रश्न विचारा: डिस्क कुठे उघडणार, आणि डेटा निघाला नाही तरी पैसे घेणार का?

तोवर बॅकअप जिथून घेतला होता, त्या काँप्युटरवर टॅलीचं मूळ फोल्डर आहे का ते बघा. कट-पेस्ट केलं नसेल तर ते तिथेच असतं. भरलेले जीएसटीआर-१ पोर्टलवरून उतरवता येतात, खरेदीची बिलं जीएसटीआर-२बी मध्ये सापडतात. उधारी आणि स्टॉक मात्र पोर्टलला माहीत नसतो. जीएसटीत हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावा लागतो, त्यामुळे जुन्या वर्षांचं फोल्डर सापडलं की आधी ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, मगच ११ तारखेच्या कामाला बसा.