दुसऱ्याचा हात, आपले शरीर

हाताविना मनुष्य जगू शकतो. नेमक्या याच कारणाने दुसऱ्याचा हात बसवून घेण्याचा निर्णय अवघड ठरतो. मुंबईत २०२० साली दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले, तेव्हाही हा प्रश्न होताच. हातात त्वचा, स्नायू, अस्थी व मज्जातंतू एकत्र असतात आणि त्यांपैकी त्वचेला शरीर सर्वाधिक तीव्र विरोध करते. हा विरोध दडपणारी औषधे आजन्म घ्यावी लागतात. त्यांतून जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचे विकार, क्वचित कर्करोगही संभवतो. फ्रान्समधील लियाँ येथे १९९८ साली बसविलेला हात, रुग्णाने औषधे सोडल्यामुळे, २००१ मध्ये काढावा लागला.

विरोध दडपण्याऐवजी शरीराला परक्या ऊतींची ओळखच करून देता येईल काय? पीटर मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हे उंदरांत साधले. गर्भावस्थेतच परक्या पेशी टोचलेल्या काही उंदरांनी पुढे त्याच वाणाच्या उंदरांची त्वचा औषधांविना स्वीकारली. प्रौढ रुग्णाला हा मार्ग अर्थातच बंद! म्हणून अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे २००९ पासून शल्यविशारदांनी हातापाठोपाठ दात्याची अस्थिमज्जाही रुग्णास दिली. अनेक औषधांऐवजी एकाच मुख्य औषधावर हात टिकविता आले. ते एक औषध मात्र सुटलेले नाही.