लेखांक ७ : सायबर हल्ल्याची रंगीत तालीम

सायबर हल्ल्याच्या सरावात मुख्यतः माणसांची निर्णयशक्ती तपासली जाते. यंत्रणेतील कच्चे दुवे शोधायला सॉफ्टवेअर आहे; पण पहाटे तीन वाजता एटीएमचे जाळे बंद करण्याचा अधिकार कोणाचा, पोलिसांना कोण कळवणार, ग्राहकांना काय सांगायचे, हे माणसांनाच ठरवावे लागते आणि खरा गोंधळ तिथेच उडतो.

सरावाचा सोपा आणि स्वस्त प्रकार म्हणजे टेबलटॉप. विभागप्रमुख एकत्र बसतात. संचालक प्रसंग मांडतो आणि ठरावीक वेळाने एकेक चिठ्ठी पुढे सरकवतो: ‘बॅकअपही उघडत नाही’, ‘वार्ताहराचा फोन आला आहे’. प्रत्येक चिठ्ठीवर काही मिनिटांत निर्णय द्यायचा. प्रसंग खऱ्या घटनेवर बेतलेला असेल, तर सराव कसदार होतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला, तो दुसरा शनिवार होता, बँकांना सुट्टी. बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवण्यात आली. एकूण फटका ९४ कोटी रुपयांहून अधिक. सगळे जागेवर असताना, आठवडाभर आधी कळवून घेतलेला सराव अशा प्रसंगी फारसा कामाला येत नाही. सुट्टीच्या दिवशी, न सांगता घेतलेल्या सरावात मात्र फार साध्या उणिवा उघड्या पडतात. फोन क्रमांकांची यादी बंद पडलेल्या सर्व्हरवरच असते. निर्णय घेणारा अधिकारी प्रवासात असतो आणि त्याच्या जागी कोण, हे कुठेच लिहिलेले नसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे हा अहवालही सरावात प्रत्यक्ष लिहून घ्यावा. कोण लिहिणार यावर नुसती चर्चा पुरत नाही.

प्रत्यक्ष चढाईच्या सरावाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना एस्टोनियात आहे. २००७ मध्ये टालिनमधील सोव्हिएतकालीन सैनिकाचा पुतळा हलवल्यावर तेथील सरकारी संकेतस्थळे, बँका आणि वृत्तमाध्यमे यांच्यावर काही आठवडे सायबर हल्ले होत राहिले. पुढच्याच वर्षी नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र टालिनमध्ये स्थापन झाले. या केंद्राचा वार्षिक सराव २०१० मध्ये सुरू झाला. आज तो ‘लॉक्ड शील्ड्स’ या नावाने ओळखला जातो. बेरिलिया या काल्पनिक देशाच्या यंत्रणा निळे संघ सांभाळतात आणि लाल संघ त्यांच्यावर तुटून पडतो. पांढरा संघ सूत्रे हलवतो, हिरवा संघ संगणकांचे आभासी जाळे चालू ठेवतो. निळ्या संघाला वीज आणि पाणी शुद्धीकरणाच्या यंत्रणा वाचवायच्या असतातच. त्याच धामधुमीत कायदेशीर प्रश्नांना उत्तरे द्यायची, माध्यमांना निवेदन द्यायचे आणि वरिष्ठांना समजेल असा अहवालही पाठवायचा. या साऱ्याला गुण असतात. उत्तम तंत्रज्ञ असूनही अहवालात कमी पडणारा संघ मागे राहतो, आणि हे योग्यच आहे.

सरावानंतरची आढावा बैठक शक्यतो त्याच दिवशी घ्यावी, कारण कोणी कशामुळे थांबले हे दुसऱ्या दिवशी नीट आठवत नाही. चूक करणाऱ्याला तिथे फैलावर घेतले, तर पुढच्या वेळी कोणीच खरे सांगणार नाही. प्रत्येक उणिवेपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुदत लिहिली जाते. पुढच्या सरावाचा प्रसंग याच यादीवरून रचला जातो.