प्रथिन-फेरबदल करणारी विकरे आणि कर्कपेशींचा चयापचय

पेशीत तयार झालेल्या प्रथिनांना फॉस्फेट, असेटिल यांसारखे रासायनिक गट किंवा युबिक्विटिन हे लहान प्रथिन जोडणाऱ्या अथवा ते काढून टाकणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) प्रथिन-फेरबदल करणारी विकरे म्हणतात. अशा फेरबदलामुळे प्रथिनाची क्रियाशीलता, पेशीतील स्थान किंवा आयुष्य बदलते. कर्करोगात या विकरांचे नियंत्रण बिघडते आणि पेशीचा चयापचय अखंड वाढीला पूरक असा होतो. हिंगोली जिल्ह्यातील वसमत ज्या पिकासाठी प्रसिद्ध आहे, त्या हळदीतील कुर्कुमिन या घटकाचा अशा काही विकरांवरील परिणाम प्रयोगशाळेत अभ्यासला गेला आहे.

पार्श्वभूमी

निरोगी पेशी ऑक्सिजन उपलब्ध असताना ग्लुकोजचे तंतुकणिकांमध्ये पूर्ण ज्वलन करतात. अनेक कर्कपेशी मात्र ऑक्सिजन असूनही मोठ्या प्रमाणात ग्लुकोज घेऊन त्याचे लॅक्टेटमध्ये रूपांतर करतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात हे निरीक्षण नोंदवले, म्हणून त्यास 'वारबुर्ग परिणाम' म्हणतात. तंतुकणिकांतील बिघाड हे याचे कारण असावे, असे त्यांचे मत होते. परंतु बहुतेक कर्कपेशींतील तंतुकणिका कार्यरत असतात, असे पुढे आढळले. या मार्गाने ऊर्जा कमी मिळत असली, तरी नव्या पेशींसाठी लागणारी न्यूक्लिक आम्ले, मेद व अमिनो आम्ले बनवण्यास कच्चा माल मिळतो.

कार्यपद्धती

फॉस्फेट जोडणी : प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. मानवी जनुकसंचात अशी ५०० हून अधिक विकरे आहेत. ही जोडणी उलटवता येते, या शोधासाठी एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्कपेशींत विपुल आढळणारे पीकेएम२ हे विकर ग्लुकोज-विघटनाची शेवटची पायरी घडवते. वाढीचे संदेश वाहणाऱ्या कायनेजांनी त्याला फॉस्फेट जोडल्यास त्याचा वेग मंदावतो. मग आधीच्या पायऱ्यांवरील पदार्थ साचून पेशीच्या बांधणीकडे वळतात.

युबिक्विटिन जोडणी : युबिक्विटिनची साखळी जोडलेले प्रथिन सहसा नष्ट केले जाते. पुरेसा ऑक्सिजन असताना एक विकर एचआयएफ या प्रथिनाला हायड्रॉक्सिल गट जोडते. तो गट ओळखून व्हीएचएल प्रथिनाचा समावेश असलेला विकरसंच त्याला युबिक्विटिन जोडतो. मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगात व्हीएचएल जनुक बहुधा निकामी झालेले असते. त्यामुळे एचआयएफ टिकून राहते आणि पेशी ऑक्सिजनची टंचाई असल्याप्रमाणे ग्लुकोज ओढून घेते. पेशी ऑक्सिजनची पातळी कशी ओळखतात, या शोधासाठी २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

असेटिल जोडणी : पी३०० हे विकर पीकेएम२ ला असेटिल गट जोडते. असे पीकेएम२ पेशीकेंद्रकात जाऊन वाढीस चालना देते. याउलट, सर्ट३ हे विकर तंतुकणिकांतील प्रथिनांवरचे असेटिल गट काढते. काही अर्बुदांत ते कमी झाल्याने ग्लुकोज-विघटन वाढते.

हा प्रभाव दुहेरी आहे. जोडला जाणारा असेटिल गट चयापचयातूनच येतो. तसेच लॅक्टेटपासून बनलेला गटही हिस्टोन प्रथिनांना जोडला जाऊन जनुकांचे कार्य बदलतो, असे २०१९ मध्ये दाखवण्यात आले.

हळद व कुर्कुमिन

वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. कुर्कुमिन पी३०० ची क्रिया रोखते, असे बेंगळुरू येथील तपस कुंडू व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. एमटॉर या कायनेजचा मार्ग रोखला गेल्याने कुर्कुमिनमुळे कर्कपेशींतील पीकेएम२ घटते व त्यांचे ग्लुकोज घेणे कमी होते, असे भारतीय संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले.

हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे आहेत. हळदीत कुर्कुमिनचे प्रमाण साधारणतः काही टक्केच असते. ते आतड्यातून रक्तात फार कमी शोषले जाते आणि यकृत व आतड्यात त्याचे झपाट्याने रूपांतर होते. शिवाय ते अस्थिर असून अनेक प्रथिनांशी संयोग पावते व चाचण्यांत फसवे निष्कर्ष देऊ शकते, असा इशारा २०१७ च्या एका रसायनशास्त्रीय समीक्षेत देण्यात आला. म्हणून हळद किंवा कुर्कुमिन हा कर्करोगावरील मान्यताप्राप्त उपचार नाही. त्यावर विसंबून शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा औषधोपचार लांबवल्यास बरा होऊ शकणारा रोगही हाताबाहेर जाऊ शकतो. कुर्कुमिनच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

निदान व उपचारातील महत्त्व

पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजसदृश किरणोत्सारी पदार्थ टोचला जातो. अधिक ग्लुकोज घेणारी अर्बुदे त्यात उठून दिसतात. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट केंद्र २००२ मध्ये मुंबईतील परळ येथे सुरू झाले.

२००१ पासून वापरात असलेले इमॅटिनिब हे औषध ठरावीक कायनेज रोखते. जठर-आतड्याच्या एका प्रकारच्या अर्बुदात ते परिणामकारक ठरल्यास अर्बुदाचा आकार घटण्यापूर्वीच, कधी कधी एका दिवसात, त्याचे ग्लुकोज घेणे मंदावलेले पेट स्कॅनमध्ये दिसते. व्हीएचएलच्या बिघाडामुळे साचणाऱ्या एचआयएफच्या एका प्रकाराला रोखणाऱ्या बेल्झुटिफान या औषधास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.